रिटुक्सिमॅबनंतर हटत नसलेला कोरोना आणि आयव्हीआयजीच्या पाच बाटल्या

प्रश्न : खानापूरकर

माझ्या वडिलांना फॉलिक्युलर लिम्फोमा (बी पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग) असून रिटुक्सिमॅब या बी पेशी नष्ट करणाऱ्या औषधासह केमोची सहा आवर्तने चार महिन्यांपूर्वी पूर्ण झाली. सध्या ते बेळगावातील एका रुग्णालयात कोरोनासाठी दाखल आहेत. तीन आठवडे झाले, रेमडेसिव्हिर या विषाणूविरोधी औषधाचा कोर्स झाला, तरी ताप दोन दिवस उतरतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चढतो. चाचणीही पॉझिटिव्हच येते. रक्तातील आयजीजी (मुख्य प्रकारची अँटिबॉडी, म्हणजे संसर्गाशी लढणारे प्रथिन) २८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर इतकेच निघाले, म्हणून डॉक्टरांनी आयव्हीआयजीच्या (शिरेतून द्यायच्या आयजीजीच्या) पाच ग्रॅमच्या पाच बाटल्या आणण्यास सांगितले आहे. पुण्याचे चुलते म्हणतात की कोरोनातून बऱ्या झालेल्याचा प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) द्या. गडहिंग्लजचे मामा म्हणतात की ते दोन अँटिबॉडींचे कॉकटेल इंजेक्शन मागा. राउंडच्या घाईत मला एवढेच विचारायचे राहून गेले, की या बाटल्या विषाणूला मारण्यासाठी आहेत की आणखी कशासाठी? खर्च थोडाथोडका नाही, त्यामुळे समजून घेऊन मगच पैसे उभे करावेत असे वाटते.

उत्तर : निपाणीचा एक डॉक्टर

आपण विचारलेला प्रश्नच योग्य आहे, कारण या तिन्ही गोष्टींना लोक सरसकट 'अँटिबॉडीचे इंजेक्शन' म्हणतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

रिटुक्सिमॅब लिम्फोमाच्या पेशींबरोबर निरोगी बी पेशीही नाहीशा करते. अँटिबॉडी तयार करणाऱ्या पेशी याच बी पेशींपासून घडतात, आणि बी पेशी परत येण्यास सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणून नव्या विषाणूविरुद्ध वडिलांच्या शरीराला स्वतःच्या अँटिबॉडी जवळजवळ तयारच करता येत नाहीत, आणि इतरांचा आठवडाभरात निवळणारा संसर्ग त्यांच्यात रेंगाळतो.

आयव्हीआयजी हे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून वेगळे काढलेले आयजीजी असते. मात्रा साधारणपणे किलोमागे ०.४ ग्रॅम धरतात. आयजीजी ४०० च्या खाली असून संसर्ग वारंवार किंवा गंभीर होत असतील, तर ते देण्याची पद्धत रूढ आहे; मात्र त्याचा भक्कम पुरावा मुख्यतः जिवाणूंचे संसर्ग कमी होण्याबाबत आहे. त्यात कोरोनाविरुद्धच्या अँटिबॉडीही असतात, परंतु प्लाझ्मा गोळा होण्यापासून बाटली हाती येईपर्यंत अनेक महिने जातात, त्यामुळे आज फिरणाऱ्या उपप्रकाराशी त्या पूर्णपणे जुळतीलच असे नाही. थोडक्यात, ही बाटली विषाणूवरचे नेमके औषध नव्हे. खालावलेल्या आयजीजीची ती उसनवारी आहे, आणि ती साधारण तीन-चार आठवड्यांत निम्मी संपते.

आता कॉकटेल. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' या औषध-चाचणीत, स्वतःच्या अँटिबॉडी नसलेल्या दाखल रुग्णांना हे कॉकटेल, म्हणजे कॅसिरिव्हिमॅब-इम्डेव्हिमॅब या प्रयोगशाळेत बनवलेल्या दोन अँटिबॉडी, दिल्यावर २८ दिवसांतील मृत्यू ३० टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आले. ज्यांच्याकडे अँटिबॉडी आधीच होत्या त्यांना लाभ झाला नाही. भारतात ते मे २०२१ मध्ये आले. दुर्दैवाने ओमिक्रॉन या कोरोनाच्या नंतरच्या उपप्रकाराने आपले रूप इतके बदलले की त्या अँटिबॉडी त्याला चिकटेनात, आणि जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेने त्याचा वापर थांबवला. मामांचा हेतू चांगला आहे, पण ते इंजेक्शन आता मागण्यात अर्थ नाही.

प्लाझ्माबाबत मात्र माझे मत चुलत्यांच्या अगदी विरुद्ध नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) ४६४ रुग्णांच्या चाचणीत लाभ दिसला नाही आणि मे २०२१ मध्ये तो राष्ट्रीय मार्गदर्शिकेतून वगळला गेला, हे खरे. परंतु त्या चाचणीतील बहुतेकांना स्वतःच्या अँटिबॉडी तयार करता येत होत्या. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये, अलीकडेच बरे झालेल्या दात्याचा भरपूर अँटिबॉडी असलेला प्लाझ्मा उपयोगी पडू शकतो असे संकेत आहेत. अडचण एवढीच, की तसा तपासलेला प्लाझ्मा आज मिळणे कठीण. त्याऐवजी विषाणूविरोधी औषधाचा कोर्स लांबवता येईल का, किंवा दोन औषधे एकत्र देता येतील का, हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

उत्तर : मिरजेतील परिचारिका

दादा, वरील माहितीत देखरेखीच्या बाजूने थोडी भर घालते. बाटली शीतपेटीतून काढल्यावर लगेच लावू नये. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, हलवून फेस आणू नये, आणि ठिबक अगदी संथ सुरू करून दर अर्ध्या तासाने ताप, नाडी व रक्तदाब पाहत वेग वाढवावा. थंडी वाजणे आणि डोके दुखणे हे प्रकार बहुधा वेग जास्त झाल्यानेच होतात. वडिलांना मूत्रपिंडाचा त्रास किंवा पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असल्यास ते आधीच सांगा. प्रत्येक बाटलीचा बॅच क्रमांक फाइलमध्ये चिकटवला जातो, तो आपणही वहीत उतरवून ठेवा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणू-संसर्गाची कोअर अँटिबॉडी चाचणी (पूर्वी होऊन गेलेला संसर्गही दाखवणारी) झाली नसेल, तर तिचे रक्त पहिल्या बाटलीआधी काढून घ्यायला सांगा. आयव्हीआयजीमधून दात्यांची ती अँटिबॉडी रुग्णाच्या रक्तात येते आणि नंतरचा अहवाल खोटा पॉझिटिव्ह दिसू शकतो. रिटुक्सिमॅबनंतर दबलेला हिपॅटायटिस बी उसळू शकतो, त्यामुळे हा अहवाल संदिग्ध राहून चालत नाही.

पुन्हा : खानापूरकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. जुनी फाइल काढून पाहिली, तर केमोपूर्वी फक्त सरफेस अँटिजेन (चालू संसर्ग दाखवणारा विषाणूचा अंश) तपासले होते, कोअर अँटिबॉडी नव्हती. डॉक्टरांना सकाळी सांगितले; त्यांनी 'बरे झाले, लक्षात आणून दिलेत' असे म्हणून लगेच रक्त काढून घेतले. विषाणूविरोधी औषध आणखी पाच दिवस चालू ठेवण्याचेही त्यांनी मान्य केले असून आयव्हीआयजी त्याच्या जोडीला देणार आहेत. संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत होते. ओळ न् ओळ आईला मराठीत सांगून मगच सही केली. पहिली बाटली दुपारी अडीचला लागली. डोके थोडे जड झाले तेव्हा सिस्टरांनी वेग कमी केला आणि तासाभरात ते उतरले. आता तिसरी चालू आहे, आणि दोन बॅच क्रमांक वहीत आहेत.