‘फ्लेवर्ड’ रॉयबॉस चाखताना: चव, स्वाद आणि बाकीचे शब्द

सातारकर

रविवारी आमच्या वाचनकट्ट्यावर रॉयबॉस (दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाच्या पानांचा लाल चहा) आणि इतर हर्बल चहा चाखण्याचा कार्यक्रम आहे. साधा रॉयबॉस, व्हॅनिला घातलेला, संत्र्याची साल आणि दालचिनी घातलेला, शिवाय हिबिस्कस आणि कॅमोमाइलची मिश्रणं. प्रत्येक किटलीशेजारी मराठी कार्ड ठेवायचं काम माझ्याकडे आलंय. येणारे बहुतेक जण साठीच्या पुढचे आणि दुधाचा कडक चहा पिणारे आहेत. पहिला घोट घेण्याआधी आपल्यासमोर काय आहे ते त्यांना नीट कळावं, अशी फार इच्छा आहे.

अडलंय ते असं. खोक्यावर ‘फ्लेवर्ड’ लिहिलेलं असतं, त्याला ‘व्हॅनिला चवीचा’ म्हणू की ‘व्हॅनिला स्वादाचा’? घरचे म्हणतात दोन्ही एकच. मला ते पटत नाही, पण फरक नेमका मांडता येत नाही. किटलीत पानं ‘मुरतात’ की ‘भिजतात’? आणि ज्यात चहाचं पानच नाही त्याला चहा म्हणायचं का? कट्ट्यावरचे एक काका म्हणतात, सरळ ‘काढा’ लिहा.

वाईकर

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या पाककृतींच्या वहीतच आहे. आपण ‘चवीपुरतं मीठ’ लिहितो आणि ‘स्वादासाठी वेलदोड्याची पूड’ लिहितो. याची अदलाबदल करून बघा, लगेच खटकेल. मीठ, साखर, चिंच, मिरची ही चवीच्या बाजूची मंडळी. वेलदोडा, जायफळ, केशर स्वादाच्या बाजूची. जिभेला कळते ती चव. घोट तोंडात असताना घशाच्या मागून नाकात चढणारा वास त्या चवीत मिसळतो, तेव्हा स्वाद होतो. आपल्या बायकांनी शब्दांची ही वाटणी इतकी अचूक केलेली आहे की ‘फ्लेवर’साठी नवा शब्द घडवायची गरजच नाही.

कार्यक्रमात हे करूनच दाखवा. व्हॅनिलाच्या रॉयबॉसचा घोट घेताना नाक चिमटीत घट्ट धरायला सांगा. तोंडात फक्त कोमट, किंचित गोडसर पाणी असल्यासारखं वाटेल. मग चिमूट सोडायची. घोट अजून तोंडातच हवा. व्हॅनिला एकदम येतो, तोही मागून, घशाच्या बाजूने. आधी होती ती चव, नंतर आला तो स्वाद. व्हॅनिलाला जिभेवर जवळपास काही अस्तित्व नाही. त्याचा वास आपण आयुष्यभर आइस्क्रीम आणि केकबरोबर घेत आलो, म्हणून तो नाकालाच गोड वाटतो. तेव्हा कार्डावर ‘व्हॅनिला स्वादाचा रॉयबॉस’ लिहा. ‘व्हॅनिला चवीचा’ नको.

कराडकर

आमच्याकडं मात्र सगळ्याला चवच म्हणत्यात. ‘आल्याच्या च्याला लई चव आली’ म्हणताना तिखटपणा आणि वास वेगळा कोण काढत बसतंय? ‘स्वाद’ हा पाकिटावरचा आणि पुस्तकातला शब्द. आमची आजी स्वाद हा शब्द कधी बोलली असंल असं वाटत न्हाई, पण कुठल्या विहिरीचं पाणी आहे ते ती घोटात सांगायची.

वाईकर

दादा, तुमचं बरोबर आहे. बोलण्यातली ‘चव’ मोठी आहे, तिच्या पोटात स्वादही येतो. ‘चवीनं खाणं’ म्हणताना कोणी जिभेपुरतं बोलत नाही. पण कार्डावर एका ओळीत दोन गोष्टी सांगायच्या असतील तर दोन शब्द हवेत, आणि ते आपल्याकडे तयार आहेत. तुम्ही दिलेलं आल्याचं उदाहरण उत्तम आहे, कारण आलं दोन्हीकडे बसतं: जीभ चुरचुरते ती चव, लिंबासारखा वास चढतो तो स्वाद.

आता ‘मुरणे’. लोणचं मुरतं, मुरंबा मुरतो. बाहेरचा रस आत शिरला की मुरलं म्हणायचं. किटलीत उलटं चालतं, पानातलं पाण्यात येतं. त्याला ‘उतरणे’ म्हणतात. डिकाशन उतरतं, केशराचा रंग दुधात उतरतो, अर्क उतरतो. ‘झाकून ठेवा, पाच-सात मिनिटांत रंग आणि स्वाद उतरतो’ एवढं लिहिलंत तर कोणी अडणार नाही. ‘भिजत घाला’ म्हटलं की डाळ-तांदूळ आठवतात.

सांगलीकर वैद्य

काढ्याबद्दल मला आग्रहाने सांगायचं आहे, कारण हा शब्द हल्ली कशालाही लावतात. कढणे, कढी, कढण, काढा हे एकाच घरातले शब्द. उकळून आटवणं त्यांच्या पोटातच आहे. शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात काढ्याला सोळापट पाणी घेऊन आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायला सांगितलंय. कुटलेल्या द्रव्यावर चौपट गरम पाणी ओतून, थोडा वेळ ठेवून, कुस्करून गाळलं तर तो फांट. सहापट थंड पाण्यात रात्रभर ठेवलं तर हिम. तुमच्या किटलीत जे होणार आहे ते प्रमाण सोडलं तर फांटाच्याच जातीचं आहे.

फांट शब्द कार्डावर घाला असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या दवाखान्याबाहेर तो कोणी बोलत नाही. पण ‘काढा’ लिहू नका हे नक्की. काढा म्हटलं की माणूस आजार शोधतो आणि नाक मुरडून पितो. इथे तर लोकांना चवीकडे लक्ष द्यायला लावायचं आहे.

आणखी एक. संस्कृतात ‘कषाय’चे अर्थ बघा: तुरट रस (म्हणजे चव), काढ्यासारखी पेयं आणि तांबूस-भगवा रंग. संन्याशाची काषाय वस्त्रं त्यातलीच. साध्या चहात रंग आणि तुरटपणा जोडीने येतात, म्हणून हा शब्द त्याला पुरता लागू पडतो. रॉयबॉस रंगाने अस्सल कषाय, पण त्यात टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, कमी, त्यामुळे चवीला तुरटपणा अगदी थोडा. डोळा जे सांगतो ते जिभेला मिळत नाही. तुमची साठीपुढची मंडळी तिथेच बुचकळ्यात पडतील.

सातारकर

हे अगदी खरं आहे. मी घरी करून दिला तेव्हा आमच्या सासूबाईंनी रंग बघून मान डोलावली आणि घोट घेऊन ‘सपक आहे गं’ म्हणाल्या. सपक म्हणावं का त्याला? मला तो सपक लागत नाही, पण दुसरा शब्दही सुचत नाही.

वाईकर

सपक, पाणचट, मिळमिळीत, अळणी. चारही शब्द काहीतरी कमी असल्याचे, पण कमी काय ते प्रत्येकात वेगळं. अळणीत मीठ नसतं. पाणचटात पाणी जास्त झालेलं असतं. मिळमिळीत म्हणजे जोरच नाही. सपकात जिभेला चेव आणणारं काही नसतं. सासूबाईंचा शब्द त्यांच्या जागी चोख आहे. चहाच्या घोटानंतर लाळेतली प्रथिनं टॅनिनला बांधली जातात, जीभ कोरडी, आखडल्यासारखी होते, आणि इतक्या वर्षांत तोच ‘कडकपणा’ अशी जिभेला सवय लागलेली असते. रॉयबॉसमध्ये ती वाट बघत राहते आणि ते येत नाही.

म्हणून कार्डावर आधीच सांगून टाका: ‘तुरट नाही. जास्त वेळ ठेवला तरी कडवट होत नाही.’ वाट बघणं थांबलं की जीभ बाकीचं शोधायला लागते. ‘सौम्य’ हा शब्द टाळा असं सुचवेन. साबणापासून औषधापर्यंत सगळ्यावर छापून तो झिजलाय. ‘मवाळ’ चालेल.

पाणचट होऊ नये याची काळजी मात्र घ्या. चहा पारखणाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय प्रमाण 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम पान आणि 6 मिनिटं असं आहे. ते खऱ्या चहासाठी आहे, पण सगळ्या किटल्यांना एकच माप आणि एकच वेळ लावलीत तरच तुलना न्याय्य होईल. आणि लोकांना भुरका मारायला सांगा! व्यावसायिक पारखी मोठ्याने भुरकाच मारतात. घोटाबरोबर हवा आत गेली की चहा तोंडभर पसरतो आणि वास नाकाकडे जातो. बशीतून भुरके मारणाऱ्या आपल्या आजोबांना स्वाद जास्त मिळत असणार.

कराडकर

मी पुण्यात भाचीकडं पिलोय साधा रॉयबॉस. मला त्यात गुऱ्हाळावरच्या काकवीचा वास आला. गरम काकवी डब्यात ओतताना वर येतो तसला. म्हणून त्याला गुळचट म्हणावं म्हणतो.

सातारकर

काकवी! दादा, हे मी कार्डावर घेणार. ‘मधासारखा, कॅरॅमलसारखा’ असं परदेशी वर्णनांत असतं, पण आमच्या कट्ट्यावर कॅरॅमलपेक्षा काकवी पटकन नाकासमोर येईल. गुळचट मात्र नको वाटतं. गुळचट म्हणताना आपण तोंड वाकडं करतो, नको तिथे गोड लागलं की म्हणतो. ‘किंचित गोडसर, काकवीच्या वासाचा’ असं लिहिते.

मिरजेहून

उशिरा आले, पण दोन गोष्टी राहून जाऊ नयेत असं वाटलं. शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवते.

पहिली गोष्ट म्हणजे नाव. इंग्रजी अक्षरं वाचून बरेच जण ‘रुईबोस’ लिहितात. असं अजिबात लिहू नका. रुई म्हणजे आपल्याकडे मारुतीला वाहतात ती, तिचा चीक विषारी. कोणी ‘रुईचा चहा’ समजून अंगणातली पानं खुडली तर भलतंच होईल. हा शब्द आफ्रिकान्स भाषेतला, उच्चार रॉयबॉस, अर्थ ‘लाल झुडूप’. झुडूप शेंगावर्गी, म्हणजे तूर-हरभऱ्याच्या कुळातलं, पानं सुईएवढी बारीक. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केपमधल्या सीडरबर्ग डोंगरांचा परिसर हेच त्याचं घर. तिथले खोई आणि सान लोक ते आधीपासून वापरत होते. 1930 च्या दशकात क्लॅनविल्यममध्ये डॉक्टर नॉर्तिए यांनी बी रुजवण्याची पद्धत बसवली आणि लागवड सुरू झाली. 2021 मध्ये युरोपीय संघाने या नावाला संरक्षित दर्जा दिला. सांगलीच्या हळदीला किंवा महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला जसं भौगोलिक मानांकन आहे, त्याच धर्तीवर. म्हणून ‘लाल झुडुपाचा चहा’ असं भाषांतर करू नका. नाव त्या मातीचं आहे, तसंच राहू द्या.

लाल रंग कसा येतो ते सांगताना ‘आंबवलेला’ हा शब्दही टाळा. इंग्रजीत त्याला फर्मेंटेशन म्हणायची पद्धत पडलीय, पण आपल्या कानाला आंबवणं म्हणजे इडलीचं पीठ, आणि लोक आंबट चव शोधतील. पानं आणि काड्या कापून, ठेचून, ओल्या करून ढीग लावतात. हवेशी संयोग होऊन हिरव्याचा लाल होतो, मग उन्हात वाळवतात. हे टाळलं तर हिरवा रॉयबॉस मिळतो.

दुसरी गोष्ट हिबिस्कसची. त्याचं भाषांतर सगळे ‘जास्वंद’ करतात. देवाला वाहतो ती जास्वंद वेगळी. आंबट लाल चहा बहुतेक वेळा होतो तो लाल अंबाडीचा. तोही पाकळ्यांचा नाही, फूल गळाल्यावर फळाभोवती राहणाऱ्या मांसल लाल बोंडांचा. कट्ट्यावर कोणी विदर्भ-मराठवाड्याकडचं असेल तर ते ओळखीने हसतील, तिकडे अंबाडीच्या बोंडांचं सरबत करतात. ‘लाल अंबाडी’ लिहिलंत की आंबट असणार हे सांगायचीही गरज नाही.

सांगलीकर वैद्य

मॅडम, अंबाडीची आठवण फार चांगली केलीत. त्याला जोडून एक सावधगिरी. मिश्रणांच्या खोक्यांवर संस्कृत रसनामं असतात. ‘कटु’ वाचून लोक कडू समजतात. शास्त्रात कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. मिरी, सुंठ कटु, कडुनिंब तिक्त. कार्डावर सरळ मराठी तिखट-कडू लिहा.

सातारकर

लिहिते तसंच. चहा म्हणायचं की नाही, हा प्रश्न राहिला.

कराडकर

अहो ताई, गवती च्या काय म्हणून म्हणतोय मग आपण? त्यात कुठं च्याचं पान आहे? गवतच ते. परसात लावलं, पाण्यात उकळलं, च्या झाला.

वाईकर

याहून चांगलं उत्तर मला देता आलं नसतं. मराठीने हा निकाल केव्हाच लावलाय. ‘चहा’ हे आपल्याकडे झाडाचं नाव आहे तसं पेयाचंही आहे. रॉयबॉस चहा, कॅमोमाइलच्या फुलांचा चहा, लाल अंबाडीचा चहा, सगळं चालेल.

कॅफीनबद्दल लिहिणार असाल तर ‘कॅफीनमुक्त’ नको. मुक्त म्हटलं की आधी होतं आणि मग काढलं असं वाटतं. ते वर्णन डिकॅफ चहाचं. रॉयबॉसमध्ये ‘मुळातच कॅफीन नसतं’ असं लिहा.

सातारकर

एक कार्ड तयार केलंय, बघा:

‘संत्रं-दालचिनी स्वादाचा रॉयबॉस चहा. रंग तांबडा. चव किंचित गोडसर, तुरट नाही. आधी संत्र्याच्या सालीचा वास, मग दालचिनी, शेवटी काकवी. मुळातच कॅफीन नसतं. कोरा प्यावा.’

मिरजेहून

छान उतरलंय. फक्त ‘कोरा प्यावा’ काढा. दक्षिण आफ्रिकेत दूध-साखर घालून सर्रास पितात, आणि साध्या रॉयबॉसला दूध चांगलं लागतं. लाल अंबाडीच्या कार्डावर मात्र ‘दूध घालू नये’ असं ठळक लिहा, आंबटामुळे फाटेल. संत्र्याच्या किटलीचं आधी एका कपात दूध घालून बघा आणि मगच लिहा.