मिक्स किचनमधून हलाल ऑर्डर: नेमकं काय वेगळं काढायचं?

खानापूररोड_केटरर
आमचं किचन मिक्स आहे. गोव्याकडची गिऱ्हाइकं असतात म्हणून पोर्क चिली, सॉसेज होतं. आता ४०० माणसांच्या वलीम्याची (निकाहनंतरच्या मेजवानीची) विचारणा आलीय. नवऱ्याकडचे बेळगावचे, नवरीकडचे भटकळचे. मेनू: मटण बिर्याणी, चिकन फ्राय, कोळंबी, खेकड्याचं सूप, कॅरॅमल पुडिंग. मटण-चिकन हलाल दुकानातनं आणलं की झालं ना? की सर्टिफिकेट पण लागतं?

भटारखाना
मांस आणणं सोपं हो, घोळ होतो तो तेलात आणि लाकडात. ज्या तेलात पोर्क तळलं ते गाळूनसुद्धा चालत नाही. मटण तोडायचा ओंडका कितीही घासा, चिरांत चरबी राहतेच. नवा आणा.

स्टीलच्या कढया, झारे, सुऱ्या आधी गरम पाणी-साबणानं घासून चरबी पूर्ण उतरवा, मग ३ वेळा स्वच्छ पाण्यानं धुवा. सुन्नी मुस्लिमांत धर्माचे नियम सांगणारे वेगवेगळे पंथ आहेत, हनफी आणि शाफई त्यातले दोन. बेळगावचे बहुतेक हनफी, त्यांना एवढं पुरतं. भटकळचा नवायत समाज शाफई. त्यांच्यात डुकराचा स्पर्श झालेलं भांडं ७ वेळा धुतात, त्यातलं एकदा माती कालवलेल्या पाण्यानं. एवढा खटाटोप करण्यापेक्षा डेगा (बिर्याणीची मोठी पातेली) भाड्यानं आणा, आणि त्या आधी कुठं गेल्या होत्या ते विचारून घ्या. पावाला बटर लावायचा ब्रशही बघा बरं का, पांढरे राठ केस असतील तर ते डुकराचे असू शकतात. सिलिकॉनचा घ्या.

खेकडा काढाच. हनफींना चालत नाही, शाफईंतही बरेच जण टाळतात. कोळंबी शाफईंना चालते, हनफींत दोन मतं आहेत. सुरमई ठेवा, माशाबद्दल वादच नाही.

निपाणी_चिकन_मटण
बिर्याणीला माणशी १५० ग्रॅम हाडासकट धरलं तर ६० किलो मटण. एका बोकडाचं १०-१२ किलो पडतं, म्हणजे ५-६ बोकडं. एका दुकानात भागलं नाही तर दुकानदार ऐनवेळी दुसरीकडनं उचलतो, ते कुठलं हे आधीच ठरवून घ्या. आपल्याकडं जत्रेला मुलाणीच बोकड कापतो, म्हणून ते मटण पण चालेल असं समजू नका. देवाला सोडलेला बोकड कुणीही कापला तरी मुस्लिमांना चालत नाही.

चिकनला जास्त लक्ष द्या. प्रत्येक कोंबडीवर बिस्मिल्लाह म्हणून, धारदार सुरीनं श्वासनळी, अन्ननळी आणि दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या एका दमात कापायच्या. मान तोडून वेगळी करायची नाही. मग फडफड पूर्ण थांबेपर्यंत, साधारण ३ मिनिटं, रक्त निथळू द्यायचं. गर्दीच्या दिवशी इथंच चुकतं. कातडीसकट माल हवा असला की पिसं निघावीत म्हणून कोंबडी गरम पाण्यात टाकतात, आणि जीव जायच्या आधीच टाकली तर ती सुरीनं मेली की पाण्यानं, कुणाला सांगता येणार? फ्रायला सोललेलीच घ्या, ही भानगडच नको.

चिकोडी_बेकरी
पुडिंगचं काय एवढं? पाकिटावर हिरवा ठिपका बघायचा, झालं.

भटारखाना
अर्धंच झालं. हिरवा ठिपका असला म्हणजे त्यात जिलेटिन किंवा प्राण्याची चरबी नाही. ४७१ नंबरचा इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव करणारा घटक, प्राण्याच्या चरबीचाही असतो) असला तरी तो वनस्पतीचा. पण ठिपका दारूबद्दल काहीच सांगत नाही. व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट अल्कोहोलमध्ये काढतात, रम इसेन्सचं तर बोलायलाच नको. घटकांची यादी वाचा. जिलेटिनऐवजी चायना ग्रास वापरा.

खानापूररोड_केटरर
ओंडका, तेल नवं. खेकडा काढला. आणि सर्टिफिकेट?

कॅम्प_बेळगाव
कायद्यानं सक्तीचं नाही. सक्तीचं आहे ते एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) लायसन, १४ आकडी नंबरवालं. हलाल सर्टिफिकेट जमियत उलेमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट, चेन्नईची हलाल इंडिया अशा संस्था देतात, पण एका ऑर्डरसाठी कोण घेणार? २०२४ च्या सरकारी नियमाचं जे ऐकता ते मांस निर्यातीबद्दल आहे.

पोर्क शिजणाऱ्या किचनवर 'हलाल' पाटी मात्र लावू नका. कोटेशनमध्ये खरं तेवढंच लिहा: मांस अमुक दुकानाचं, डेगा-तेल वेगळं, त्या दिवशी पोर्क आणि दारू बंद. दुकानाची बिलं जपा. आदल्या रात्री आणलेलं मांस ५ अंशांखाली, वेगळ्या फ्रीजमध्ये ठेवा. वेगळा नसला तर झाकणाच्या डब्यात घालून पोर्कच्या वरच्या कप्प्यात, म्हणजे वरनं काही गळायचं नाही. आणि वाढप्यांना आधीच सांगून ठेवा, घाईत तेच आपल्या नेहमीच्या ट्रेमधला चिमटा उचलतात.