ओ-लाइन विसरले म्हणे! नाइनर्सच्या 2025 ड्राफ्टला ‘नापास’ म्हणणाऱ्यांसाठी

लाल_सोनेरी (फ्रीमाँट), एप्रिल 2025

अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, म्हणजे एनएफएलचा, ड्राफ्ट (टीमा राउंडमागून राउंड कॉलेजचे खेळाडू निवडतात तो) शनिवारी संपला आणि आपल्या सॅन फ्रान्सिस्को नाइनर्सबद्दल तासाभरात कोथरूड_क्वार्टरबॅक यांनी निकाल लावून टाकला: ‘11 पिक. त्यात ओ-लाइनला (बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणारी फळी) एक, तोही सातव्या राउंडला. लेफ्ट टॅकल ट्रेंट विल्यम्स 36 वर्षांचा. जनरल मॅनेजर लिंच आणि कोच शॅनहान नापास.’ खाली सगळ्यांचे अंगठे. उत्तर देणार नव्हतो, पण आज सकाळी 880 हायवेवर अडकलो आणि डोक्यात तेच घोळत राहिलं. तेव्हा घ्या.

गेल्या सीझनला 6-11 (6 विजय, 11 पराभव) कशाने झालं? मॅककॅफ्री चारच सामने खेळला, आयुकचा गुडघा गेला, ट्रेंट शेवटी नव्हताच. कबूल. पण समोरचा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) आपल्या डी-लाइनच्या, डिफेन्सच्या पुढच्या फळीच्या, मधून रमतगमत जात होता, ते कुणी पाहिलं नाही का? आणि मार्चमध्ये काय झालं? ग्रीनलॉ आणि हुफांगा डेन्व्हरला, वॉर्ड इंडियानापोलिसला, हारग्रेव्ह गेला, फ्लॉइड गेला, मलीक कॉलिन्स गेला. अर्धा डिफेन्स रिकामा. त्यात डिफेन्सचा कोच सालेह परत आलाय. त्याचं सगळं गणित चौघांच्या रशवर असतं. ब्लिट्झ (मागच्यांनीही धावून जाणं) कमी, पुढचे चौघेच क्वार्टरबॅकला गाठणार. 2019 ला ते का जमलं? बोसा, बकनर, आर्मस्टेड, डी फोर्ड, सॉलोमन थॉमस, पाचही जण पहिल्या राउंडचे. आता बोसा एकटा उरलाय आणि त्याला दोघं-दोघं धरतात.

म्हणून 11 व्या पिकला मायकेल विल्यम्स. जॉर्जियाचा, अजून 21 चाही नाही. ‘सीझनमध्ये 5 सॅक (क्वार्टरबॅकला बॉलसकट पाडणं), एवढेच?’ असं विचारणाऱ्यांनी हेही बघावं की तो ते हाय अँकल स्प्रेन (घोट्याची दुखापत) घेऊन खेळलाय. रन डिफेन्स पहिल्या दिवसापासून देईल. 43 वर आल्फ्रेड कॉलिन्स, दार अडवून उभा राहील असा देह. 113 वर सीजे वेस्ट. पहिले पाचही पिक डिफेन्सचे. याला विसराळूपणा नाही, भोक बुजवणं म्हणतात.

आणि ओ-लाइनचं म्हणाल तर ही टीम नुसत्या पहिल्या राउंडवर कधी उभीच राहिली नाही. किटल पाचव्या राउंडला, 146. वॉर्नर तिसऱ्याला, 70. ग्रीनलॉ, हुफांगा, लेनोअर, तिघेही पाचव्याचे. डॉमिनिक पूनी गेल्या वर्षी 86 वर घेतला, आल्या आल्या ओ-लाइनमध्ये राइट गार्डला बसला तो हललाच नाही. आपला क्वार्टरबॅक पर्डी 262, अख्ख्या ड्राफ्टचा शेवटचा. या लोकांना मधल्या राउंडमध्ये माणूस ओळखता येतो. गुण द्यायचे तर तिथे द्या.

कोथरूड_क्वार्टरबॅक

अंगठे तुम्हाला मिळाले नाहीत, त्याचं दुःख समजू शकतो.

सकाळी साडेपाचला उठून पहिला राउंड बघितलाय मी, त्यामुळे ‘अभ्यास न करता बोलतात’ ही सोय नाही. तुम्ही जगलेल्यांची यादी दिलीत, आता बाकीच्यांची मी देतो. जेलन हर्ड, तिसरा राउंड, सीझनचा एक सामना खेळला नाही. ट्रे सर्मन, तिसरा राउंड, वर्षभरात घरी. टायरियन डेव्हिस-प्राइस आणि डॅनी ग्रे, दोघेही तिसऱ्याचे, कुठे आहेत? कॅमेरॉन लाटू, तिसरा राउंड. आणि 2023 ला 99 वर किकर! तिसऱ्या राउंडला किकर! एवढे फासे टाकल्यावर दोन-चार सहा पडणारच, त्याला ‘माणूस ओळखणं’ म्हणायचं असेल तर म्हणा.

आता मुद्द्याचं. लास व्हेगासचा सुपर बोल (लीगची अंतिम लढत), ओव्हरटाइम, थर्ड अँड फोर (तिसरा प्रयत्न, 4 यार्ड हवेत), एंड झोन 9 यार्डांवर. रिसीव्हर मोकळा. आणि ख्रिस जोन्स, जगातला सगळ्यात धोकादायक डी-टॅकल, त्याला कुणी हातच लावला नाही. पर्डीने घाईत फेकला, फील्ड गोलच्या तीन गुणांवर भागवावं लागलं, मग समोरच्या क्वार्टरबॅकने, महोम्सने, जे करायचं ते केलं. 25-22. ती विजेत्यांची रिंग ओ-लाइनने घालवली. त्यानंतरच्या दोन ड्राफ्टमध्ये पहिल्या दोन राउंडांत ओ-लाइनला किती पिक? शून्य. पहिल्या राउंडमध्ये शेवटचा ओ-लाइनमन 2018 चा मॅकग्लिंची. आणि आता त्याच पर्डीला वर्षाला 5 कोटी डॉलर देण्याच्या गोष्टी चालल्यात. एवढा महाग माणूस उभा करून त्याच्यापुढे कोण, तर 249 वर घेतलेला कॉनर कोल्बी.

डॅलसचा_देशपांडे

भांडू नका रे. तुमच्या 2021 च्या 12 नंबरच्या पिकबद्दल आभार मानायला आलो होतो. तुम्ही क्वार्टरबॅक ट्रे लान्ससाठी तो मायामीला दिलात, मायामीने फिलीला, फिलीने आम्हाला. आम्ही मायका पार्सन्स घेतला.

लाल_सोनेरी

आणि मग तुम्ही ट्रे लान्सही घेतलात, चौथ्या राउंडचा पिक देऊन. आता तो चार्जर्सकडे गेलाय. पार्सन्सचे आभार स्वीकारले, लान्सचे आम्ही मानतो.

बाकी क्वार्टरबॅकसाहेब, तीन पहिल्या राउंडचे पिक आणि वर एक तिसऱ्याचा घालवूनही ही टीम त्यानंतर तीनदा एनएफसी फायनलला (सुपर बोलच्या आधीच्या सामन्याला) गेली. कशाच्या जोरावर? मधल्या राउंडच्या.

कोथरूड_क्वार्टरबॅक

फायनलला जाण्याची रिंग मिळते का?

जुना_कँडलस्टिक

तुम्हा पोरांना 2017 च्या आधी जगच नव्हतं का? मी 81 पासून ही टीम बघतोय. क्वार्टरबॅक जो मोंटाना तिसऱ्या राउंडचा, 82 वा, 1979. जेरी राइस पहिल्या राउंडचा, 16 वा, पण मिसिसिपी व्हॅली स्टेट हे नाव आधी कुणी ऐकलं होतं? तेव्हाचा कोच बिल वॉल्श माणसं अशी शोधायचा.

आता माझा जुना सल. 2000 ला क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी, सॅन मातेओचा पोरगा, लहानपणापासून नाइनर्सचा भक्त, 199 पर्यंत पडून राहिला. आपण तिसऱ्या राउंडला जोव्हानी कार्माझी घेतला. कोण? तेच. 2005 ला आपला पहिला नंबर होता. क्वार्टरबॅक एरन रॉजर्स बर्कलीला, पूल ओलांडला की आला. आपण अ‍ॅलेक्स स्मिथ घेतला. रॉजर्स 24 व्या पिकपर्यंत ड्राफ्टच्या खोलीत बसून राहिला आणि मग सतरा-अठरा वर्षं ग्रीन बेत बसून आपल्याला छळलं. हे विसरणार नाही. याच्यापुढे तुमचे लाटू आणि सर्मन किरकोळ आहेत.

आणि मधल्या राउंडचा खरा हिरा कोण? लाइनबॅकर (डिफेन्सच्या दुसऱ्या फळीतला) क्रिस बोर्लंड, 2014, 77 वा. पॅट्रिक विलिस जखमी होता, तेव्हा हा पोरगा असा खेळला की वाटलं, दहा वर्षांची सोय झाली. एक सीझन खेळला आणि मार्चमध्ये म्हणाला, मेंदूची काळजी वाटते, थांबतो. 24 व्या वर्षी! एका पिकची माती. पळपुटा.

फ्रायडे_नाइट_आई (सॅन होजे)

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. पण ‘पळपुटा’ वाचून राहवलं नाही.

काका, माझा मुलगा 16 वर्षांचा आहे, शाळेच्या टीममध्ये आउटसाइड लाइनबॅकर. गेल्या सीझनला एका शुक्रवारी तो टॅकल करून उठला आणि चुकीच्या साइडलाइनला चालत गेला. समोरच्या टीमच्या मुलांनी हाताला धरून परत आणला. प्रेक्षकांत लोक हसले. मी हसले नाही. त्यानंतर चार दिवस त्याला खोलीतला दिवा सहन होत नव्हता. त्या आठवड्यात मी बोर्लंडबद्दल मिळेल ते वाचून काढलं. त्याने साइनिंग बोनसचे पैसेसुद्धा परत करायची तयारी दाखवली होती. ज्याला आपण काय सोडतोय ते कळतं आणि तरी जो सोडतो, तो पळपुटा नसतो.

कोथरूड_क्वार्टरबॅक

ताई, तुमच्याबद्दल आदर ठेवून विचारतो. एवढं वाचलंत, मग मुलगा अजून खेळतोय का?

फ्रायडे_नाइट_आई

खेळतोय.

कोथरूड_क्वार्टरबॅक

मग मला हे समजत नाही. 2017 चा बोस्टन युनिव्हर्सिटीचा अभ्यास: एनएफएल खेळलेल्या 111 जणांचे मेंदू तपासले, 110 मध्ये सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार). आपण सोफ्यावर बसून पिक मोजणं वेगळं आणि स्वतःचं पोर त्या ढिगाऱ्यात पाठवणं वेगळं. स्पष्ट बोलतो, राग येईल. कॉलेजच्या अर्जावर चांगलं दिसतं म्हणून कित्येक देशी आईबाप हे करतात.

फ्रायडे_नाइट_आई

राग आलाच.

वर तुम्हीच लाल_सोनेरींना ऐकवलंत ना, जगलेल्यांची यादी दाखवू नका म्हणून? मग तुमचे 111 कोण होते? ज्यांच्या घरच्यांना आधीच शंका होती आणि म्हणून ज्यांनी मेंदू दान केले, ते. संशोधकांनी स्वतःच ते लिहिलंय. शिवाय ते सगळे एनएफएलचे, वर्षानुवर्षं आदळलेले. माझा मुलगा आठवड्याला एक सामना खेळतो. कॅलिफोर्नियात हायस्कूलला फुल कॉन्टॅक्टचा सराव आठवड्याला दोनदाच, तोही दीड-दीड तासाच्या आत. कन्कशन (मार लागून मेंदूला बसलेला धक्का) झालं तर किमान सात दिवस टप्प्याटप्प्याने परत आणायचं, डॉक्टरच्या देखरेखीखाली. हा कायदा आहे. धोका नाही असं मी म्हणतच नाही. धोका मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण तो माझ्या घरात झोपतो.

आणि अर्जाचं म्हणाल तर त्याचे मार्क चांगले आहेत, त्याला लाइनबॅकर असण्याची गरज नाही. त्याला आवडतं म्हणून तो खेळतो. त्याच्या बाबांनी ‘सोड’ म्हणून सांगून बघितलं. महिनाभर घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

कबड्डी_सांगली

मला तुमचा ड्राफ्ट-बिफ्ट कळत नाही, भावाने लिंक पाठवली म्हणून आलो. ताई, मी जिल्ह्याला कबड्डी खेळलोय. मातीवर. कपाळाला टाके पडले तेव्हा आईला सांगितलं, सायकलवरून पडलो. गुडघा आजही पावसाळ्यात बोलतो. पण खेळू दिलं नसतं तर आईला कधी माफ केलं नसतं.

डॅलसचा_देशपांडे

टेक्सासात या विषयावर कुणी वादच घालत नाही, इथे हायस्कूल फुटबॉल हाच धर्म. तरी माझा पुतण्या फ्लॅग फुटबॉल खेळतो. टॅकल नाही, कमरेची पट्टी ओढायची. 2028 ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकला आहे. ताई, त्याचा विचार केलात का?

जुना_कँडलस्टिक

पट्टी ओढायची? मग खो-खो काय वाईट?

फ्रायडे_नाइट_आई

देशपांडे, सुचवून बघितलं. काकांनी आत्ता जे लिहिलं, शब्दशः तेच उत्तर मिळालं. फक्त त्याला खो-खो माहीत नाही.

कोथरूड_क्वार्टरबॅक

दान केलेल्या मेंदूंचा मुद्दा बरोबर आहे. 111 पैकी 110 म्हणजे सगळ्या खेळाडूंपैकी 99 टक्के नव्हेत. पण म्हणून उत्तर शून्य होत नाही, आणि ‘मला माहीत आहे’ म्हटल्याने धोका कमी होत नाही. अर्जाबद्दलचं वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही.

फ्रायडे_नाइट_आई

बाकीचं मागे घ्या असं मी म्हटलंच नव्हतं.

लाल_सोनेरी

मंडळी, विषय ड्राफ्टचा होता. सगळ्यांनी आपापली दुखणी मांडली असतील तर परत येऊ या का?

फ्रायडे_नाइट_आई

मी विषयावरच आहे. तुम्ही 11, 43 आणि 113 वर लिहिलंत आणि 75 गाळलात. निक मार्टिन, ओक्लाहोमा स्टेट. लाइनबॅकर ग्रीनलॉची जागा ज्याला भरायची तो हा, आणि तुमच्या लेखात त्याचं नावही नाही. उंची जेमतेम 5 फूट 11, गेल्या सीझनला गुडघ्यामुळे बरेच सामने बाहेर. धावतो जबरदस्त, पण गार्ड अंगावर आला की सुटणार कसा? आल्फ्रेड कॉलिन्स आणि वेस्टने पुढे दोन-दोन माणसं अडवून धरली तरच त्याला मोकळं पळता येईल. म्हणजे 43 आणि 113 हे पिक 75 साठीसुद्धा आहेत. क्वार्टरबॅक, हे तुमच्या ‘नापास’मध्ये बसत नाही. आणि लाल_सोनेरी, 100 वरच्या अप्टन स्टाउटलाही तुम्ही विसरलात. लहानखुरा आहे, पण स्लॉटला (आतल्या बाजूच्या रिसीव्हरला धरायला) लागणारा कॉर्नर अगदी तसाच असतो.

लाल_सोनेरी

ताई, पुढच्या वर्षी लेख तुम्हीच लिहा.

कोथरूड_क्वार्टरबॅक

हे पहिलंच उत्तर, ज्यात कुठला पिक कशासाठी हे नीट सांगितलंय. ठीक. डिफेन्सला पास करतो. पूनी चांगला निघाला हेही लिहून देतो, म्हणजे लाल_सोनेरींना शांत झोप लागेल. पण एक गार्ड म्हणजे ओ-लाइन नव्हे. आरन बँक्स पॅकर्सकडे गेला, जेलन मूर चीफ्सकडे. राखीव टॅकलही गेला. सप्टेंबरमध्ये ट्रेंटचा घोटा दुखला तर लेफ्ट टॅकलला कोण, एवढं एकच नाव सांगा.

लाल_सोनेरी

ते ऑगस्टमध्ये बघू.

कोथरूड_क्वार्टरबॅक

हेच लिंचचं उत्तर आहे.

लाल_सोनेरी

आणि 5 कोटींचं म्हणाल, तर ज्याने दहा लाख डॉलरच्या आसपासच्या पगारात सुपर बोलचा ओव्हरटाइम दाखवला, त्याला आता देताना हात आखडायचा हे मला पटत नाही. शेवटच्या पिकने पहिल्या पिकचे पैसे मागितले की सगळ्यांना कॅप (टीमच्या पगारांची मर्यादा) आठवते.

डॅलसचा_देशपांडे

डॅक प्रेस्कॉट चौथ्या राउंडचा. आता वर्षाला 6 कोटी. शुभेच्छा.

जुना_कँडलस्टिक

रॉजर्स असता तर ही चर्चाच झाली नसती.

लाल_सोनेरी

काका, रॉजर्स 41 वर्षांचा झाला. जेट्सनेही सोडला. सध्या त्याला टीमसुद्धा नाही. सोडा आता.

जुना_कँडलस्टिक

टीम नाही ना? मग घेऊन या की. पर्डीपेक्षा स्वस्त पडेल.