तळ्यात निळा रंग टाकायचा का?

ए-१०२ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी 🙏 सोसायटीच्या बागेतलं तळं परत हिरवं झालंय. एक जण निळ्या रंगाचा ५ लिटरचा कॅन देतोय, म्हणतो शेवाळ धरणार नाही. कुणाची हरकत?

सी-५०४: माशांचं काय? डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मेले तर डास होतील.

बी-३०१: मोरचूद टाका, दोन दिवसांत साफ. आमच्या निफाडला द्राक्षांवर बुरशीसाठी बोर्डो मारतात, त्यात तेच असतं.

डी-७०२: काका, मोरचूद नका हो टाकू. ते म्हणजे कॉपर सल्फेट, त्यातलं तांबं माशांच्या कल्ल्यांना सोसत नाही. शिवाय शेवाळ एकदम मेलं की कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, आणि वाचलेले मासेही जातात.

बी-३०१: बरं, राहिलं.

ए-१०२: ताई, तुम्ही यातल्या आहात. रंगाचं सांगा.

डी-७०२: तळ्याच्या निळ्या रंगात बहुधा ब्रिलियंट ब्लू आणि टारट्राझिन असतं. दोन्ही खाण्याचे रंग, त्यांचे नंबर ई-१३३ आणि ई-१०२, सरबताच्या बाटलीवर सापडतील. सांगितलेल्या मात्रेत माशांना त्रास नाही. पण हे शेवाळ मारत नाहीत. शेवाळाला उन्हातला जो निळा आणि तांबडा भाग लागतो, तो पाण्यातच अडवतात, तळाशी अंधार करतात. त्यामुळे वर तरंगणाऱ्या शेवाळाला काही होत नाही. रंग टाकायचा तोही शेवाळ धरायच्या आधी. आपण आत्ता टाकून काय मिळवणार?

डी-७०२: आणि त्याला दोन-तीन फूट तरी खोली हवी. आपलं पाणी गुडघ्याएवढं. तिथे ऊन अडवायचं तर इतका रंग ओतावा लागेल की कमळाची पाण्याखालची कोवळी पानंही जातील. मात्रा साधारण दहा लाख लिटर पाण्याला एक लिटर. आपलं तळं ८ बाय ६ मीटर, खोली अर्धा मीटर धरली तर २४ हजार लिटर. म्हणजे २४ मिलिलीटर. ५ लिटरचा कॅन नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरेल.

ए-१०२: कॅन कॅन्सल 😄

एफ-२०३: पण निळं पाणी फोटोत काय मस्त दिसतं!

डी-७०२: दिसतं खरं. पण आपला ओव्हरफ्लो पावसाळी गटारात जातो. पहिल्या जोरदार सरीत पैसे वाहून जातील.

सी-५०४: मग करायचं काय?

डी-७०२: लॉनला डीएपी खत टाकून वर पाइपने धो धो पाणी मारलं, ते उतारावरून तळ्यात आलं. त्यातला फॉस्फरस म्हणजे शेवाळाचं जेवण. त्यावर रोजचे कुरमुरे आणि निर्माल्य. (निर्माल्य कोण टाकतं ते मला माहीत आहे, नाव घेत नाही.) हे बंद करा, जाळीने शेवाळ काढा, थोडं थोडं पाणी बदला. टँकरच्या पाण्यात क्लोरीन असेल तर एकदम भरू नका. आणि कारंजं का बंद आहे?

बी-६०१ (खजिनदार): लाइट बिल.

डी-७०२: निदान पहाटे ४ ते ८ चालवा. रात्रभर शेवाळही ऑक्सिजनच घेतं, पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी असतो.

ए-४०१: पहाटे ४ ला कारंजं?? आमची बेडरूम बरोबर त्याच्यावर आहे.

बी-६०१: मला बंदच बरं वाटतं.

ए-१०२: माळ्याशी खताचं मी आजच बोलतो. कारंज्याचं रविवारच्या मीटिंगमध्ये घेऊ. ए-४०१, तुम्ही नक्की या.