मदत हवी आहे: ड्रोनचा कॅमेरा कॅलिब्रेट कुठे करून मिळेल? (इंदूर, अर्जंट)

मोजणीदार
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. महूच्या बाजूला गिट्टीच्या खाणीचं काम आहे, सोमवारी कंटूर आणि घनफळ द्यायचंय. ड्रोन उडवला, प्रोसेसिंग केलं, ऑर्थो (फोटो जोडून केलेला सरळ नकाशा) झकास आलाय. पण टोटल स्टेशनने (जमिनीवरच्या मोजणीयंत्राने) तपासलं तर मधोमध जमीन ४० सेंमी वर दिसतेय. कडेला बरोबर. म्हणजे लेन्सचीच भानगड. लेन्सचे नेमके आकडे काढायला (तेच कॅलिब्रेशन) बुद्धिबळाचा पट ए३ वर छापून पुठ्ठ्यावर डकवला, चाळीस फोटो काढले, त्यातून आलेले आकडे सॉफ्टवेअरमध्ये टाकले, तर चूक ६० वर गेली! इंदुरात कॅमेरा कॅलिब्रेट करून देणारं कोणी आहे का? नाहीतर पट केवढा छापू ते तरी सांगा. लवकर.

आकाशकंदील
ड्रोन कसला, उंची किती, शेजारच्या फोटोंचा ओव्हरलॅप किती, कंट्रोल पॉइंट (जमिनीवर मोजून ठेवलेल्या खुणा) किती आणि कुठे? "झकास" ही माहिती नव्हे.

मोजणीदार
एक इंची सेन्सर, २० मेगापिक्सेल, नेहमीचा घडीचा. उंची ८० मीटर. ओव्हरलॅप भरपूर आहे. कंट्रोल पॉइंट आहेत.

रोखठोक
आरटीके ड्रोन (सेंटिमीटरभर अचूक जीपीएसवाला) घ्या, विषय संपला. मी घेतल्यापासून शेतात एक खुंटी ठोकलेली नाही.

आकाशकंदील
@रोखठोक, विषय तिथे सुरू होतो. कॅमेरा हवेत कुठे होता तेवढं आरटीके सांगतं. लेन्सबद्दल ते मुकं. या सेन्सरवर फोकल लेंग्थ (लेन्सपासून सेन्सरपर्यंतचं अंतर) साधारण ३३०० पिक्सेल येते. त्यात १० पिक्सेलची चूक झाली तर ८० मीटरवरून उंचीत २४ सेंमी गेले. आणि सगळे फोटो एकाच उंचीवरून सरळ खाली बघणारे असले की लेन्स लांब आहे की जमीन खोल आहे, हे सॉफ्टवेअरला कळायला मार्गच नाही.
@मोजणीदार, "आहेत" म्हणजे किती? कुठे?

कायदेपंडित
महूला छावणी आहे. डिजिटल स्कायवर (सरकारच्या ड्रोन पोर्टलवर) झोन बघितला होता का? ड्रोन नियम २०२१ वाचा आधी.

मोजणीदार
बघितलाय. तो माझा प्रश्न नाही.

साठीपार
देहरादूनला हवाई छायाचित्रांवर उमर गेली, म्हणून चार शब्द. तुमचा ड्रोन हा टेहळणीचा कॅमेरा आहे. बघायचा कॅमेरा वेगळा नि मोजायचा वेगळा. महायुद्धातला ब्रिटिशांचा एफ-२४ घ्या: ५ इंची चौरस निगेटिव्ह, त्यावर २० इंची लेन्स. पूल उडाला की नाही हे बघायला फर्स्टक्लास. नकाशाच्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह ९ इंची, लेन्स ६ इंची. ६० टक्के ओव्हरलॅपला दोन फोटोंमधलं अंतर उंचीच्या ०.६ पट पडतं. एफ-२४ मध्ये ते ०.१. इतक्या जवळच्या दोन फोटोंतून उंची काय डोंबल मिळणार!
शिवाय मोजणीच्या कॅमेऱ्यात फिल्म व्हॅक्यूमने सपाट धरलेली असे, आणि फ्रेमच्या कडेला फिड्युशियल खुणा (ठरावीक अंतरावरच्या पक्क्या खुणा). फिल्म आक्रसली तर त्या खुणांवरून कळायचं. लेन्सच्या सर्टिफिकेटवर फोकल लेंग्थ मिलिमीटरच्या तीन दशांशांपर्यंत. टेहळणीवाल्याला खुणा बहुधा नसतच, वर फोकल प्लेन शटर: फट फिल्मवरून सरकते तोवर विमान पुढे निघून गेलेलं, चित्र एका बाजूने ताणलं किंवा आखडलं. तुमचं रोलिंग शटर (चित्र ओळीओळीने टिपणारं) त्याचाच नातू. तेव्हा हट्ट सोडा, कॅमेरा लॅबमध्ये द्या. ठरावीक कोनांवर कोलिमेटर (समांतर किरण सोडणारी नळी) लावून कॅलिब्रेट करतात. रात्री तारे टिपूनही करत, ताऱ्यांच्या जागा पक्क्या ठाऊक असतात ना.

आकाशकंदील
काका, माहिती एक नंबर, पण घडीच्या ड्रोनला लॅबचं सर्टिफिकेट म्हणजे सायकलला पासपोर्ट. गिंबलवर (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या झुल्यावर) लोंबणारा चिमुकला कॅमेरा, दुपारी तापतो, ऑटोफोकस दर वेळी जरा वेगळा बसतो. सोमवारचा आकडा शुक्रवारी शिळा. त्या-त्या उड्डाणाच्या फोटोंमधूनच आकडे काढायचे, सेल्फ कॅलिब्रेशन.

साठीपार
स्वतःच पेपर लिहायचा नि स्वतःच तपासायचा!

आकाशकंदील
म्हणून तर चार-पाच पॉइंट हिशेबाबाहेर ठेवायचे, फक्त तपासायला.

नकाशाप्रेमी
भारताची मोजणी करणाऱ्या एव्हरेस्टसाहेबांच्या डेटमचा (मोजणीच्या पायाचा) मूळबिंदू कल्याणपूर आपल्याच मध्य प्रदेशात, सिरोंजजवळ, विदिशा जिल्ह्यात. आणि त्यांच्या आधी ती मोजणी चालवणारे लॅम्बटनसाहेब १८२३ मध्ये गेले ते हिंगणघाटला. मोजणीचा इतिहास म्हटला की मराठी मुलूख येतोच.

रोखठोक
सिरोंज कधीपासून मराठी मुलूख?

नकाशाप्रेमी
हिंगणघाट म्हणतोय मी. नीट वाचा.

भूमिती_भाऊ
उंची एलिप्सॉइडची (जीपीएसच्या गणिती पृथ्वीवरून मोजलेली) आहे की समुद्रसपाटीची? आपल्याकडे दोन्हीत पन्नास-साठ मीटरचा फरक पडतो.

आकाशकंदील
तो फरक सगळ्या खाणीला सारखा लागला असता भाऊ. इथे नुसतं पोट फुगलंय.

मोजणीदार
कंट्रोल पॉइंट ६. सगळे वरच्या रस्त्याने. मध्ये डंपर चालू होते, खाली कोण उतरणार? एक खुंटी काळ्या मातीत होती, ती दोन दिवसांत सरकली, म्हणून सोडली. बाकीच्यांवर चुन्याने क्रॉस मारलेत. उड्डाण एकाच दिशेने, कॅमेरा सरळ खाली. फोटो जेपीजी. पटाचे मात्र मुद्दाम रॉ (सेन्सरवर आले तसेच) काढले, क्वालिटीसाठी.

आकाशकंदील
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! जेपीजी लिहितानाच ड्रोन लेन्सचा बाक सरळ करून टाकतो. रॉमध्ये बाक तसाच. म्हणजे सरळ केलेल्या फोटोंवर बाक काढायचे आकडे तुम्ही परत लावले. ४० चे ६० असेच झाले. त्यात पट धरला दीड-दोन मीटरवर. फोकस तिथे बसला की फोकल लेंग्थ ८० मीटरवाली राहत नाही. आणि पुठ्ठ्यावर डकवलेला कागद सपाट असतो असं कोणी सांगितलं?
पट फाडा. फोकस लांबवर मॅन्युअल बांधा. एक उड्डाण ८० वर, दुसरं आडव्या दिशेने ११० वर, आणि खाणीभोवती एक फेरी कॅमेरा थोडा तिरका करून, २०-३० अंश. रविवारी डंपर बंद असतील तर तळात दोन पॉइंट लावा.

साठीपार
तिरके फोटो घ्यायचं बरोबर आहे. तळातला एक पॉइंट तपासणीला ठेवा, दोन्ही हिशेबात घालू नका. आणि चुन्याच्या क्रॉसचा मध्य नेमका कुठे धरलात? चुना फेकताना वीतभर रुंद पट्टा पडतो.

मोजणीदार
अंदाजे धरला.

साठीपार
हं.

मोजणीदार
सोमवार रात्र. फ्लेक्सच्या काळ्या-पांढऱ्या पाट्या लावल्या, भर उन्हात तळात उतरलो, तिरकी फेरी मारली. तळातला तपासणीचा पॉइंट ६ सेंमीत आला. घनफळ दिलं. आकाशकंदील भिया आणि काका, दोघांनाही पोहे लागू.
आता मालक म्हणतोय मागच्या महिन्याचं घनफळही याच पद्धतीने सुधारून द्या. तेव्हाचे फोटो सगळे सरळ खाली बघणारे. नवीन फेरीचे लेन्सचे आकडे त्यांना लावले तर चालतील का? नवा धागा काढू की इथेच?

आकाशकंदील
इथेच. तेव्हा फोकस ऑटोवर होता की मॅन्युअल?