घुमटाचा आवाज बीटमध्ये घेतलाय, डॉ. ड्रेने असंच केलं होतं का?

फोंडा_बीट्स:
नमस्कार मंडळी. मी घरीच लॅपटॉपवर बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारं संगीत, बनवतो. ह्या चवथीला आमच्या वाड्यावरच्या आरतीचं घुमट (चामडं लावलेलं मातीचं तालवाद्य) आणि त्याच्या जोडीचं शामेळ रेकॉर्ड केलं, त्यातला एक तुकडा कापून खाली बेस आणि ड्रम टाकले आणि मडगावचा एक रॅपर पोरगा ती बीट विकत घ्यायला तयार झालाय. आता वाजवणारे काका विचारतात, आमचं काय रे? मित्र म्हणतो अमेरिकेतला रॅपर आणि निर्माता डॉ. ड्रे असाच मोठा झाला, जुन्या रेकॉर्डी उचलल्या आणि पैसा केला, तू कशाला एवढा विचार करतोस. खरंच असं झालं का? आणि एवढा पैसा नक्की कशातून आला?

जुनी_कॅसेट:
मित्र अर्धंच सांगतोय. ड्रे म्हणजे आंद्रे यंग, १९६५ चा जन्म, कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनचा. आधी क्लबमध्ये डीजे, मग एन.डब्ल्यू.ए. हा रॅप ग्रुप, १९८८ मध्ये त्यांचा अल्बम गाजला, पण पैशांवरून बिनसलं आणि तो बाहेर पडला, शुग नाइटबरोबर डेथ रो हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं आणि १९९२ च्या डिसेंबरात त्याचा 'द क्रॉनिक' आला. तो अल्बम नीट ऐक तू. पी-फंकच्या, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या अमेरिकी फंक संगीताच्या, जुन्या गाण्यांचा पाया आहे त्यात, पण बऱ्याच ठिकाणी रेकॉर्ड कापून चिकटवलेली नाही, स्टुडिओत वादक बसवून तीच चाल नव्याने वाजवून घेतलीय, वर ती सिंथेसायझरची बारीक शिट्टीसारखी सुरावट. नव्याने वाजवलं की मूळ रेकॉर्डिंगच्या मालकाकडून परवानगी लागत नाही, पण चाल ज्याची त्याचा हिस्सा द्यावाच लागतो. शिवाय आवाज आपल्या ताब्यात राहतो, हवा तेवढा जड करता येतो. त्याचं खरं काम मला हेच वाटतं.

आणि माणसं ओळखणं! स्नूप डॉग हा रॅपर त्याने पुढे आणला. १९९६ मध्ये स्वतःच उभ्या केलेल्या डेथ रोवर पाणी सोडून आफ्टरमॅथ हे नवं लेबल काढलं, सुरुवातीला लोक म्हणत होते संपला हा, आणि मग इंटरस्कोप ह्या रेकॉर्ड कंपनीच्या जिमी आयोव्हिनने त्याला एमिनेम ह्या रॅपरची टेप ऐकवली. पुढे ५० सेंट, केंड्रिक लामार हे रॅपर. एका माणसाच्या कानातून एवढे जण गेले.

साउंडवाला_डिचोली:
मोठा पैसा हेडफोनचा रे. त्याला बुटांची जाहिरात करायची ऑफर होती म्हणतात, आयोव्हिन म्हणाला बूट सोड, स्पीकर विक. २००६ मध्ये बीट्स कंपनी, २००८ मध्ये पहिला हेडफोन बाजारात, २०१४ मध्ये ॲपलने ३ अब्ज डॉलरना घेतली, म्हणजे त्यावेळच्या भावाने जवळपास १८ हजार कोटी रुपये. त्यांची गाणी ऐकवणारी सर्व्हिस पण त्यातच गेली, तिच्यावरच पुढे ॲपल म्युझिक उभं राहिलं. फक्त एक सांगतो, सुरुवातीच्या त्या हेडफोनवर मिक्स करू नको, म्हणजे सगळे आवाज एकमेकांशी जुळवू नको, बेस फुगवलेला असतो, घुमटाचा खालचा घुमारा आहे त्यापेक्षा दुप्पट वाटेल आणि गाडीच्या स्पीकरवर गेल्यावर सगळं पोकळ ऐकू येईल.

मंगेशीची_ताई:
तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या मंगेशीच्याच आवाजात आहे. २००२ मध्ये ड्रेच्या आफ्टरमॅथने ट्रुथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं एक गाणं काढलं, त्यात लताबाईंचं 'थोडा रेशम लगता है' सरळ घातलेलं, परवानगी नाही, नाव नाही. बीट डीजे क्विक नावाच्या निर्मात्याची, पण लेबल ड्रेचंच ना. संगीतकार बप्पी लाहिरी अमेरिकेच्या कोर्टात गेले आणि न्यायाधीशांनी सांगितलं, त्यांचं नाव छापल्याशिवाय ती सीडी विकायची नाही. लताबाईंचं घराणं मूळ इथलं, त्यांचा आवाज तिकडे क्लबांतून वाजला आणि आधी कोणाला साधं विचारावंसंही वाटलं नाही, ह्याचा मला अजून राग येतो.

आणि ह्या माणसाला देव करू नका. १९९१ मध्ये त्याने डी बार्न्स ह्या पत्रकार बाईला मारहाण केली होती, २०१५ मध्ये कधीतरी जाहीर माफी मागितली. त्याचं संगीत शिका, पण हेही माहीत असू द्या.

फोंडा_बीट्स:
ताई, हे लताबाईंचं अजिबात माहीत नव्हतं, थँक्यू. काकांना आज संध्याकाळी भेटतो. पण आरती तर पारंपरिक आहे ना, मग हक्क कोणाचा?

जुनी_कॅसेट:
आरती सगळ्यांची, पण वाजवणं त्यांचं. त्या दिवशी त्या हातांनी ते घुमट वाजलं म्हणून तुझी बीट झाली. बीट विकण्याआधीच साध्या कागदावर लिही, कोणी वाजवलं, किती टक्के कोणाचे, नाव कुठे येणार, आणि सगळ्यांच्या सह्या घे. रॅपर पोरालाही तो कागद दाखव. आणि जमलं तर काकांना परत बोलाव, गणपतीवर बांधलेल्या माटोळीखालच्या गर्दीत नको, शांत खोलीत तोच ठेका परत वाजवून घे, एक माइक घुमटाच्या तोंडाशी, एक चामड्याजवळ, मग बघ बीट कुठे जाते ती.

साउंडवाला_डिचोली:
दोन माइक नसतील तर माझ्याकडचे ने, रविवारी मी फोंड्याला येतोच आहे.