मदत हवी आहे: गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात तिसऱ्या दिवशी रक्तस्राव कसा झाला?

नमस्कार. माझ्या वडिलांना 18 दिवसांपूर्वी पक्षाघात झाला. सकाळी ते उठले तेव्हा त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि बोलणे बंद झाले होते. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे हृदयात धरलेली गुठळी मेंदूच्या डाव्या मधल्या धमनीत जाऊन अडकली, असे निदान झाले. त्रास नेमका कधी सुरू झाला हे सांगता येत नसल्याने गुठळी विरघळवणारे औषध दिले गेले नाही. पहिल्या सीटी स्कॅनमध्ये रक्त नव्हते, परंतु तिसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये त्याच भागात पांढरे ठिपके दिसले आणि अहवालात ‘हेमरेजिक ट्रान्सफॉर्मेशन’ (रक्तपुरवठा तुटून मेलेल्या भागात नंतर रक्त झिरपणे) असे लिहून आले. पहिलेच निदान चुकले असावे, मुळातच रक्तस्राव झाला असावा, असे घरातील काही जण तेव्हापासून म्हणत आहेत.

मला तसे वाटत नाही. ताजे रक्त सीटीवर लगेच पांढरे दिसते. उलट रक्तपुरवठा तुटलेला भाग पहिले काही तास जवळजवळ नेहमीसारखाच दिसू शकतो. शिवाय वर्षानुवर्षांच्या उच्च रक्तदाबाने होणारा रक्तस्राव बहुधा मेंदूच्या खोलवरच्या पुटामेन, थॅलॅमस, पॉन्स या भागांत किंवा लहान मेंदूत होतो, कारण तेथील बारीक, खोल धमन्यांच्या भिंती हळूहळू कमकुवत झालेल्या असतात. वृद्धांमध्ये अमायलॉइड नावाचे प्रथिन भिंतींत साचून फुटणाऱ्या रक्तवाहिन्या मेंदूच्या पृष्ठभागाजवळ असतात. या दोन्ही प्रकारांत आधी रक्त सांडते. वडिलांच्या बाबतीत आधी पेशी मेल्या आणि मग रक्त आले.

वाचनातून मला एवढे समजले आहे की प्राणवायू तुटल्यावर केवळ चेतापेशीच नव्हे, तर त्या भागातील केशवाहिन्यांचे अस्तरही खराब होते. पुढे गुठळी आपोआप विरघळली किंवा तुकडे होऊन पुढे सरकली की रक्त पुन्हा पूर्ण दाबाने त्याच दुबळ्या वाहिन्यांत शिरते आणि झिरपते. हृदयातून आलेल्या गुठळ्यांत हे अधिक आढळते, ते याच कारणाने असावे.

जाणकारांना माझी विनंती आहे की त्यांनी पुढील बाबी समजावून सांगाव्यात. हृदयाचा स्नायू मेल्यावर काही दिवस घट्ट राहतो, पण मेंदूचा मेलेला भाग मऊ पडून द्रवरूप होतो. वाहिन्यांचा हा आधार सुटणे रक्तस्रावाला कारणीभूत ठरते का, की तिसरा दिवस त्यासाठी फार लवकरचा आहे? मेलेल्या भागातच विखुरलेले असे ठिपके आणि आजूबाजूच्या जिवंत भागाला दाबणारा रक्ताचा गोळा यांच्या परिणामांत किती फरक असतो? आणि ज्या हृदयामुळे रक्त पातळ करणारे औषध हवेच आहे, ते पुन्हा सुरू करताना डॉक्टर मेंदूतील नेमकी कोणती स्थिती पाहतात? औषधाचा निर्णय आम्ही त्यांच्यावरच सोपवला आहे. मला तो समजून घ्यायचा आहे, कारण परवाच्या तपासणीत वडिलांच्या वतीने मलाच बोलायचे आहे.